पाऊणकी

बोर्ली पंचतनच्या बाजारात सकाळी अकरा वाजता एखादं पोर मोकळं फिरताना दिसलं, की दुकानदार हातातला तराजू तसाच धरून विचारतो, ‘काय रे, शाळा नाही?’ आमच्या शेजारच्या दोन पोरांनी या प्रश्नाचं उत्तर पाठच करून ठेवलं होतं. थोरली अकराची, धाकटा आठचा. दोघं एका सुरात सांगायची, ‘आमची शाळा घरीच असते.’ मग दुकानदार माझ्याकडे बघायचा, जणू मीच त्यांची नावं शाळेतून काढून आणली होती.

घर अण्णांचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, घरावरची निम्मी कौलं उडाली. ऐंशीच्या घरातला एकटा माणूस. मुलगा पुण्याला संगणकाची नोकरी करणारा. घरून काम करायची मुभा मिळाली, तसा वडिलांची कौलं बसवून द्यायला म्हणून बायकामुलांसकट आला आणि राहिलाच. वहिनींना मी पहिल्यापासून मानतो. हुशार बाई, मनात आलं ते तडीस नेणारी. शाळेत पोरं गुण मिळवायला शिकतात, शिकायचं कसं ते शिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेचं काय, विचारलं तर उत्तर तयार: मुक्त विद्यालय आहे, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो फॉर्म आमच्याकडे नापासांचा म्हणून ओळखला जायचा. त्यांच्यामुळे त्याची जरा इभ्रत वाढली.

शिकवायचं काय, तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. डोरोथी सेयर्स नावाची एक इंग्रज बाई, रहस्यकथा लिहिणारी. तिनं १९४७ साली ऑक्सफर्डला एक भाषण दिलं. मध्ययुगातल्या शाळांमध्ये मुलाला आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व शिकवत. ही हत्यारं आपण हरवून बसलो आणि आता नुसते विषय शिकवतो, असा तिचा मुद्दा. पुढे अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी तो उचलून धरला. १९९९ साली जेसी वाइज आणि सुसान वाइज बाऊर या मायलेकींनी त्यावर उशीएवढं जाड पुस्तक लिहिलं. ते पुस्तक कुरिअरनं बोर्लीत आलं, आणि त्यामागोमाग लॅटिनचं एक प्राथमिक पुस्तकही.

तर माजघरात पोरं ‘मेन्सा, मेन्से, मेन्साम्’ घोकत होती आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर अण्णा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

‘सूनबाई, ही कसली रूपं?’

‘अण्णा, टेबलाची. लॅटिनमध्ये.’

‘एक टेबल झालं, पुष्कळ टेबलं झाली. दोन असली तर?’

वहिनींनी पुस्तक उलटंपालटं केलं. ‘द्विवचन नाही यात.’

‘अरेरे,’ अण्णा म्हणाले आणि पुन्हा कातरायला लागले.

लॅटिनला हसायचं कारण नाही. न्यूटननं आपला मोठा ग्रंथ १६८७ साली त्याच भाषेत छापला. पण त्या दिवशी वहिनी पुस्तक मिटून ओटीवर आल्या आणि त्यांनी अण्णांना व्याकरण, तर्क, वक्तृत्व हे तिन्ही टप्पे समजावून सांगितले. अण्णा लहानपणी काही वर्षं पाठशाळेत होते. पुढे वाडी गळ्यात पडली आणि पोथ्या फडताळात गेल्या. ते म्हणाले, ‘आपल्याकडे याला पदवाक्यप्रमाण म्हणतात. भवभूतीनं स्वतःचं वर्णन तसंच केलंय, पदवाक्यप्रमाणज्ञ. आपल्या विदर्भातलाच तो, पद्मपूरचा. पद म्हणजे शब्द नीट कळणं, ते व्याकरण. वाक्य म्हणजे बोलण्याचा अर्थ लावणं, ती मीमांसा. आणि प्रमाण म्हणजे तुम्ही म्हणता ते कशावरून, तो न्याय.’

लॅटिन तिथंच थांबलं. फडताळ उघडलं.

पुढचं दीड वर्ष त्या घरातून जे आवाज आले, ते मी कुंपणापलीकडून ऐकले. पहाटे रूपावली. मग अमरकोश, त्याची तीन कांडं, दीड हजारांच्या आसपास श्लोक, आणि थोरलीनं पहिलं कांड पावसाळा संपायच्या आत संपवलं. दुपारी पाढे. नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पंतोजींच्या शाळेत घोकून घेत ते सगळे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनपटीचा पाढा म्हणणारी आठ वर्षांची पोरं आता तालुक्यात किती असतील कोण जाणे. धाकटा तो झाडावर चढून म्हणायचा.

वहिनींनी भिंतीवर दोन चित्रं लावली होती. एक चिंतामणराव देशमुखांचं. हे आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोहा-तळ्याकडे शिकलेले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन नैसर्गिक विज्ञान शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि मेघदूत मराठीत आणलं. दुसरं चित्र पंडिता रमाबाईंचं. कुणी शाळेचा विषय काढला की वहिनी त्या चित्राकडे बोट दाखवायच्या. ‘या कुठल्या शाळेत गेल्या होत्या?’

मुद्दा बिनतोड होता. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांनी छळलं म्हणून गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, आणि आईनं लेकीला घरीच भागवत पढवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

एकदा वहिनी हे पाहुण्यांना सांगत असताना अण्णा मध्येच म्हणाले, ‘त्याच्या आधीचं सांगा की.’

त्याच्या आधी दुष्काळ होता. गावोगाव पुराण सांगत फिरणारं ते कुटुंब उपाशी पडलं. पोथीपलीकडचं पोट भरण्याजोगं काम त्या घरात कुणालाच येत नव्हतं, शिकवलंच नव्हतं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. ज्या घरानं अठरा हजार श्लोकांचं भागवत मुखोद्गत करून घेतलं, त्याच घरानं हे दिवस दाखवले. रमाबाई दोन्ही गोष्टी विसरल्या नाहीत. पुढे केडगावला त्यांनी मुलींना अक्षरांबरोबर शेती, विणकाम, छापखाना शिकवला, आणि स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून म्हातारपणापर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. पाठांतरानं जीभ तयार झाली होती हे खरंच. पण ती कशासाठी चालवायची, हे त्यांनी रस्त्यावर शिकून घेतलं.

वहिनींना तो विषय त्या दिवशी आवडला नाही. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण हळूहळू थोरलीच्या पाठांतराचे रील निघायला लागले. परकर-पोलकं, मागे पोफळीची बाग, आणि पोरगी अमरकोशातला वारिवर्ग घडाघडा म्हणतेय. समुद्राची सगळी नावं एका दमात. पुण्याचे नातेवाईक हृदयं पाठवायचे. पाहुणे आले की पोरीला हाक. ती यायची, म्हणायची, जायची. अलीकडे म्हणताना तिचे डोळे कुठेतरी भलतीकडे असायचे, हे मी पाहिलंय.

एकदा ती स्वतःहून बोलली होती. दिवेआगरहून येताना पाटी वाचून म्हणाली, ‘अण्णा, वेळास म्हणजे वेला! वेला म्हणजे किनारा, भरती. म्हणून वेळास.’ अण्णा खूश होतील असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘ऐकायला गोड आहे. पुरावा?’ ती गप्प झाली. मला वाटलं, म्हातारा जरा जास्तच करतो. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा मराठी ताम्रपट निघाला आहे. जिथं इतकी जुनी अक्षरं जमिनीखाली निघतात, तिथं नुसत्या नादावर नावं उकलू नयेत, असं त्यांना म्हणायचं असावं. पण ते तेवढं बोलले नाहीत. पोरगी एवढंच शिकली, की अण्णांना पुरावा लागतो.

मे महिन्यात पुण्याचे काका आले, नवी गाडी घेऊन. वैशाख वद्य चतुर्थी. जेवणं झाली आणि त्यांनी दिवेआगरच्या पुळणीवर गाडी न्यायची ठरवली. ओल्या वाळूवर गाडी चालवण्याची हौस आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांना असते, आणि ती बाहेर ओढायचा धंदा ट्रॅक्टरवाल्यांचा असतो.

थोरली म्हणाली, ‘काका, आता नको. आज चतुर्थी. चाराची पाऊणकी तीन. तीनला पूर्ण भरती.’

आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब जुना आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. अण्णांनी पाऊणकी शिकवताना तिला हा उपयोग सांगितला होता. त्यांना तो त्यांच्या वडिलांनी सांगितलेला.

काकांनी मोबाइल काढला. ‘यात तीन चाळीस दिलंय. तुझे अण्णा पाऊण तासानं मागे आहेत.’ सगळे हसले. गाडी दोन वाजता पुळणीवर गेली आणि सव्वातीनला तिच्या चाकांत पाणी होतं. ट्रॅक्टरवाल्यानं किती घेतले ते काकांनी अजून सांगितलेलं नाही. तीन काय आणि तीन चाळीस काय, गाडीला फरक पडला नसता. पण पोरीला पडला. गाडीपाशी गर्दी जमलेली असताना ही तिकडे पाठ करून ओल्या वाळूवर टाचेनं रेघा मारत उभी होती, पाणी कुठवर चढतंय ते बघत. घरी आल्यावर ती सरळ झोपाळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

‘अण्णा, तुमचं चुकलं. पाणी साडेतीननंतरही वर येत होतं. मी बघितलं.’

‘असं बोलतात मोठ्यांशी?’ वहिनी आतून म्हणाल्या.

अशा गोष्टींत म्हातारे लगेच पोरीला जवळ घेतात. अण्णांनी घेतलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. बापानं दिलेली गोष्ट होती ती. पंचमीला ते बोलले नाहीत, षष्ठीला नुसतं ‘हं’ म्हणाले. सप्तमीला सकाळी मला कुंपणावरून हाक आली, ‘तुमच्याकडे सरळ बांबू आहे का? दोन पुरुष उंच?’

बांबूवर वीत-वीत अंतरावर तांबड्या रंगाच्या खुणा केल्या. तो आम्ही भरडखोलला नेऊन, होड्या लागतात त्याच्या कडेला खडकांत घट्ट रोवला. थोरलीच्या वहीत रकाने: तिथी, पाऊणकीची वेळ, मोबाइलची वेळ, डोळ्यांनी पाहिलेली वेळ. अण्णांनी प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकेक शब्द लिहिला: पंचांग, अनुमान, शब्द, प्रत्यक्ष. ‘मोबाइल म्हणजे शब्दप्रमाण,’ ते म्हणाले. ‘आप्तानं सांगितलेलं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हो. जसं आहे तसं सांगणारा. आता तो मोबाइल आप्त आहे की नाही, हे ठरवायचं.’

‘आणि तुम्ही?’ धाकट्यानं विचारलं.

‘मीही ठरायचाय अजून.’

पंधरा दिवस पोरं भरडखोलला जात राहिली, कधी बापाच्या स्कूटरवर, कधी माझ्याबरोबर. शाळा घरी असायची ती आता खडकावर भरायची. तिथं एक तांडेल रोज जाळी तुणत बसलेला असायचा. त्याचा नातू धाकट्याच्या वयाचा. पोहायला पटाईत, आणि बांबूवरची खूण पाण्यात उतरून वाचायला तयार. त्याला औटकी येत नव्हती. आमच्या धाकट्याला लाटेतून परत यायचं येत नव्हतं. दोघांचा काहीतरी सौदा झाला.

वहीत फरक दिसायला लागला. मोबाइल जवळपास बरोबर होता. पाऊणकी मागे होती, पण नुसती मागे नव्हे. बहुतेक दिवस साधारण तेवढ्याच अंतरानं मागे, चाळीस मिनिटांच्या इकडेतिकडे. अष्टमी-नवमीला मात्र सगळंच घसरलं. वहिनी आता रकाने बघायला स्वतः यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘चूक असती तर कशीही असती. रोज तेवढीच चुकते, म्हणजे ही चूक नाही, काहीतरी कारण आहे.’ हे वाक्य त्या उशीएवढ्या पुस्तकात होतं की त्यांचं स्वतःचं, मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर रील निघालं नाही.

कारणाचा धागा बापाच्या हाती लागला. परदेशातल्या लोकांशी बैठका लावणारा माणूस. घड्याळं देशागणिक बदलतात हे त्याला रोजच भोगावं लागतं. त्यानं पोरीपुढे नकाशा उघडला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, मिर्झापूरकडच्या सूर्यावर. बोर्ली त्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. पोरीनं कागद घेतला नाही. ‘साडेनऊ चोक... नऊ चोक छत्तीस, अर्ध्याचे दोन. अडतीस!’

भारताची एक वेळ झाली ती १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी मुंबई आपल्या सूर्यावर चालायची, आणि नंतरही हट्टानं कित्येक वर्षं शहरात मुंबई टाइम पाळला गेला, तो १९५५ पर्यंत. अण्णांच्या वडिलांना हिशोब मिळाला तो जुन्या वेळेचा. घड्याळं पुढे सरकली, पाऊणकी होती तिथंच राहिली, आणि कुणी ती पाण्याशी लावून बघितलीच नाही. अण्णांनीसुद्धा. ‘साठ वर्षं मी हे लोकांना सांगतोय,’ ते म्हणाले. ‘एकदा जाऊन उभा राहिलो असतो.’

हा फरक बराचसा मिटला, सगळा नाही. अष्टमी-नवमी उरलीच. त्या संध्याकाळी अण्णा स्वतः भरडखोलला आले. तांडेल जाळ्यावरून उठू लागला, तर त्यांनी हातानं खाली बसवलं आणि शेजारच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. दोघं एकाच वयाचे. एका गावात पाठशाळा, दुसऱ्यात होड्या. पाठशाळेच्या ओटीवर तांडेलाच्या घरचं कुणी कधी चढलेलं नव्हतं, आणि त्यांना कुणी चढूही दिलं नसतं. १८५५ साली ज्ञानोदयात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं अशा बंद दारांबद्दल जे लिहिलं, ते वहिनींच्या अभ्यासक्रमात नुकतंच दाखल झालं होतं.

‘अहो तांडेल,’ अण्णा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी त्याला अरे म्हटलेलं मी ऐकलंय; तांडेलालाही ते खटकलं असावं, त्यानं मान वर केली. ‘अष्टमीला हिशोब का लागत नाही?’

‘भांगाच्या पान्याचा भरवसा कोन धरतो?’ तो हसला. ‘जोर नसतो त्याला. वारा ढकलील तसा जातो. उधानाचं पानी शबुद पालतं.’

‘आणि तुम्ही वेळ कशावर बघता?’

‘घड्याल तुमचं. आमी चांद बगतो. डोक्यावर याला आला का भरलं. नायतर पायाखाली गेला का. आनि तितीची पाऊनपट हायेच की, ती आमच्यातली पोरंबी सांगतील.’

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. ‘कुणाकडून शिकलात?’

‘बापाकडून. त्यो आज्याकडून. तुमी?’

‘मीही वडिलांकडून,’ अण्णा म्हणाले. मग म्हणाले, ‘आणि आमच्या वडिलांनी कधी होडीत पाय ठेवला नव्हता.’

थोरलीनं वही उघडून विचारलं, ‘म्हणजे पाऊणकीच्या रकान्यावर, कुणी सांगितलं म्हणून, काय लिहू?’ अण्णांनी तांडेलाकडे बोट केलं. तांडेल म्हणाला, माजं नाव नको, आज्याचं लिव. तिनं ते लिहिलं, आणि शेजारी आणखी एक रकाना आखला: चंद्र कुठे.

मे संपत आला होता. १ जूनपासून मासेमारी बंद. होड्या ओढून वर घेणं चाललं होतं, दोन तर झापांनी शाकारूनही झाल्या होत्या. नातवानं विचारलं, बांबू काढायचा का आता?

‘राहू दे,’ अण्णा म्हणाले. ‘उद्या षष्ठी. साडेचार.’

‘पाच वाजून आठ मिनिटं,’ थोरली म्हणाली.

तांडेलानं सुई जाळ्यात खोचली आणि पाण्याकडे बघितलं. ‘बगू की,’ तो म्हणाला.